फाटकावरचा पूल, त्याची कमान आणि रंगीत लाईटचं प्रकरण

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लगेच हा पूल कोणी मंजूर केला, कोणाच्या काळात झाला यावर गाडी जाते आणि पूल राहतो बाजूला. एवढंच सांगतो की खान्देशातलं रेल्वेचं गाव आहे, मधोमध लाईन गेलीय, एका अंगाला स्टेशन, बाजारपेठ, कोर्ट, सरकारी दवाखाना आणि दुसऱ्या अंगाला जिथे आधी कपाशी आणि केळी होती तिथे आता नुसत्या कॉलन्या. एनए प्लॉट, रो हाऊस, इंग्लिश मीडियम शाळा, मंगल कार्यालय. राहायला लोक पलीकडे गेले आणि कामाला सगळे अलीकडेच येतात, आणि मधे फाटक.

फाटकाचं दुःख आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. भुसावळहून एक लाईन नागपूरकडे, एक खंडव्याकडे, जळगावहून सुरतची फुटते, त्यात जळगाव-भुसावळ तिसरी आणि चौथी लाईन झाली, म्हणजे गाड्यांना खंडच नाही. एक मालगाडी गेली की वाटतं आता उघडेल तर समोरून दुसरीला सिग्नल मिळालेला असतो. दवाखान्याची गाडी अडकलीय, पोरांचा बारावीचा पेपर चुकायला आलाय, दुधाचे कॅन उन्हात तापतायत, आणि दोन-तीन शूर लोक मोटारसायकल आडवी करून दांडीखालून काढतायत, हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं बघितलं.

मग एकदाचा पूल झाला. हे प्रकरण पुलाच्या बांधकामाचं नाहीये, बांधून झाल्यावर जे झालं त्याचं आहे. पूल दिसायला भन्नाट निघाला आणि लगेच त्याला सुंदर करायचा प्रस्ताव आला, तिथून सगळं सुरू झालं.

मी स्वतः डिप्लोमा सिव्हिल, घरांचे नकाशे आणि एस्टिमेट करतो, पूल एकही बांधलेला नाही. पण बघायचं वेड आहे. सुरतला नातेवाईक आहेत (खान्देशात कोणाचे नाहीत, उधना-लिंबायतला अर्धं खान्देश बसलंय) त्यामुळे तिथला तापीवरचा २०१८ ला चालू झालेला केबलचा पूल बघून झालाय, नागपूरला स्टेशनजवळचा रामझुला बघून झालाय, वर्धा रोडवरचा तो दुमजली मेट्रोचा पूलपण बघितलाय, खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो, ३.१४ किलोमीटर, २०२२ मध्ये गिनीजमध्ये गेला तो. बायको म्हणते लोक नागपूरला संत्री आणायला जातात, तुम्ही पिलर बघायला.

आमच्या गल्लीत नाना आहेत, रेल्वेच्या ब्रिज विभागातून रिटायर झालेले, सगळी नोकरी भुसावळ डिव्हिजनमध्ये गर्डर, म्हणजे पुलाचे मोठे बीम, तपासत गेली. पूल चालू झाला तसं संध्याकाळी जेवून सगळं गाव वर फिरायला जायला लागलं, कुल्फीवाला, दाबेलीवाला, सेल्फी काढणारी पोरं, जत्राच. माझी आत्या धुळ्याहून आली होती, तिला नेलं तर ती वरती उभी राहून म्हणाली, "कितला भारी दिखी ऱ्हायना रे भाऊ हाऊ पूल!" नाना मात्र वर थांबलेच नाहीत. ते मला खाली घेऊन गेले, फाटकाच्या जुन्या केबिनजवळ, आणि तिथून मान वर करून बघत बसले. "वरून काय पाहून राह्यले सगळे, पूल खालून पाहायचा असतो," म्हणाले.

आता हे जरा नीट सांगतो, कारण सगळं प्रकरण इथेच आहे.

रुळांवर जो मधला स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग, आहे तो लोखंडी कमानीचा आहे, बोस्ट्रिंग गर्डर म्हणतात त्याला. दोन बाजूला दोन कमानी, कमानीतून खाली उभे दांडे लोंबलेले, आणि त्या दांड्यांना रस्ता टांगलेला. कमान दोन्ही टोकांना बाहेर ढकलायला बघते आणि रस्त्याच्या पातळीतला लांब आडवा लोखंडी भाग (मेंबर) तिला धरून ठेवतो, धनुष्याची दोरी धरते तसा, म्हणून नाव तसं. लोकांना वाटतं ही कमान शोभेसाठी लावली. मलापण सुरुवातीला वाटायचं की बाबा साधा गर्डर चालला असता, हे थोडं दिखाऊपणासाठी असेल. नानांनी चपलेच्या टोकाने मातीत रेघा मारून हिशोब करून दाखवला.

खाली विजेची लाईन आहे, २५ हजार व्होल्टची, त्यामुळे रुळापासून पुलाच्या तळापर्यंत साधारण साडेसहा मीटर मोकळं सोडावंच लागतं. त्याच्यावर गर्डरची जाडी. रेल्वेला रुळांच्या मधे पिलर नको असतो, उद्या आणखी लाईन टाकायची झाली तर, म्हणून स्पॅन मोठा. समजा ६० मीटर. आता साधा प्लेट गर्डर टाकला तर त्याची खोली साधारण स्पॅनच्या पंधराव्या ते विसाव्या भागाएवढी लागते, म्हणजे तीन ते चार मीटर, आणि ती सगळी रस्त्याच्या खाली. म्हणजे रस्ता तेवढा वर उचलायचा. पण कमान वरती घेतली तर रस्त्याखाली फक्त आडव्या बीमची जाडी राहते, ती रस्त्याच्या रुंदीवर ठरते, स्पॅनवर नाही. दोन मीटर तरी वाचतात. आणि पुलाचा चढ बहुतेक ठिकाणी तीसला एक असतो, म्हणजे एक मीटर वर जायला तीस मीटर लांब जावं लागतं. दोन मीटर वाचले तर एका बाजूला ६० मीटर, दोन्ही बाजू धरून १२० मीटर पूल कमी.

हे १२० मीटर म्हणजे काय ते आमच्या गावात जाऊन बघा. तेवढ्यात एका बाजूची आख्खी किराणा-भुसार लाईन आणि दुसऱ्या बाजूला शाळेचं गेट येतं. कमान नसती तर पुलाची भिंत शाळेच्या दारातून गेली असती आणि दुकानदारांचं शटर उघडल्यावर समोर काँक्रीट दिसलं असतं. म्हणजे जी गोष्ट बघून आत्या भारी म्हणाली तीच गोष्ट शाळेचं गेट वाचवून बसलीय. मला पुलांमधलं हेच आवडतं, की जे दिसायला सुरेख असतं ते पुष्कळदा तसं असण्याला काहीतरी पक्कं कारण असतं आणि कारण कळलं की आणखी सुरेख दिसायला लागतं.

आणि मोठी माणसं हेच करून गेलीत. स्वित्झर्लंडमध्ये रोबेर मायार नावाच्या इंजिनियरने साल्गिनाटोबेलच्या घळीवर १९३० मध्ये काँक्रीटची कमान बांधली, ९० मीटरची, जगात सुंदर पुलांचं नाव निघालं की ती येतेच. ती निवडली कशासाठी होती? आलेल्या १९ प्रस्तावांमध्ये सगळ्यात स्वस्त होती म्हणून. आपल्याकडे सुंदर म्हटलं की पहिला प्रश्न पैसा कुठून आणायचा.

नानांनी आणखी एक दाखवलं. कमानीचे जोड बोल्टचे आहेत. त्यांच्या वेळी रिव्हेट होते, भट्टीत लाल करून चिमट्याने वर फेकायचे आणि वरचा माणूस डब्यात झेलायचा, मग ठोकायचा. जुन्या गर्डरवर ती गोल डोकी अजून ओळीने दिसतात. इथे ओळीने बोल्ट, सगळ्यांचे नट एका बाजूला, एका रेषेत. "काम करणाऱ्याने मनापासून केलंय," नाना म्हणाले. कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी नट सरळ रेषेत लावलेत, याचं त्या माणसाला जेवढं कौतुक वाटलं तेवढं मी कोणाला पुलाचं उद्घाटन बघताना वाटलेलं बघितलं नाही. रात्री ब्लॉक घेऊन कमान जेव्हा रुळांवर सरकवत आणली तेव्हा निम्मं गाव गच्चीवर होतं म्हणे, मी नेमका लग्नाला बाहेरगावी. असो.

तर प्रस्ताव. गावातल्या एका कार्यालयाने सुशोभीकरण काढलं. कमानीला तीन रंगात रंगवायचं, तिच्यावर रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या फिरवायच्या, पूल उतरतो त्या चौकात फायबरचा केळीचा घड आणि कपाशीचं बोंड, भिंतींवर चित्रं, आणि ते "आय लव्ह" करून गावाचं नाव असलेली मोठी अक्षरं जी आता सगळीकडे असतात. नागरिकांच्या सूचना मागवल्या म्हणून बैठक ठेवली. आम्ही गेलो, मी, नाना आणि स्टेशनसमोर रिक्षा चालवणारा माझा वर्गमित्र.

मी आपलं तोंड उघडलं आणि म्हटलं की साहेब ही कमान आहे तशीच छान आहे, एक रंग ठेवा, करडा ठेवा, तिचा आकारच बघण्यासारखा आहे, त्याच्यावर पट्ट्या मारल्या तर आकार मोडतो. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी गावाच्या प्रगतीला विरोध केला. एक जण म्हणाला, सुरतला बघा कशी लायटिंग आहे, आपण काय कमी आहोत का. एक म्हणाला, पुण्यात मेट्रो स्टेशनला पगडी केलीय, मग आपण केळी केली तर काय बिघडलं.

पगडीचा मुद्दा मला तिथल्या तिथे खोडता आला नाही, खरं सांगतो, कारण मला स्वतःला ती डेक्कनची आणि संभाजी उद्यानाची स्टेशनं अर्धी आवडतात. नदीकाठाने जाताना तो आकार लांबून ओळखू येतो, स्टेशनचं छप्परच तसं केलंय, वेगळं काही आणून चिकटवलेलं नाही. कोणाला ते फॅन्सी ड्रेस वाटतं, वाटू द्या. पण छप्पर स्टेशनला लागतंच, त्याला आकार दिला. चौकातला फायबरचा घड कशाला लागतो? तो फक्त पहिल्या पावसाळ्यापर्यंत पिवळा राहतो आणि मग त्याच्याखाली पाणीपुरीची गाडी लागते. आणि ज्या तालुक्यात रोज खऱ्या केळीचे ट्रक भरून निघतात तिथे फायबरची कशाला हे मला अजून कळलेलं नाही.

सुरतचं म्हणाल तर तिथे केबल आहेत कारण खाली तापीचं रुंद पात्र आहे. रामझुल्यालाही केबल आहेत कारण नागपूरला खाली रुळांचा पसारा केवढा, त्यात जागोजाग पिलर उभे करणार कसे. केबल तिथे लागल्या. तापी आमचीपण आहे, भुसावळजवळून तीच नदी पुढे सुरतला जाते, पण म्हणून फाटकावरच्या पुलाला तिकडची नक्कल केलीच पाहिजे असं थोडीच आहे. १८७७ सालचा सुरतचा होप पूल आणि आजचा केबल पूल यांच्यातसुद्धा काही साम्य नाही, ज्या त्या वेळेला जे लागलं ते केलं.

माझं हे सगळं बोलून झालं आणि परिणाम शून्य. साहेब मोबाईल बघत होते.

मग नाना उठले. त्यांनी सुंदर हा शब्दच काढला नाही. म्हणाले, "साहेब, ही लाईट रुळांच्या बरोबर वर येईल. रात्री लोको पायलट लांबून सिग्नल शोधत येतो, लाल, हिरवा, पिवळा. तुमची पट्टी दर पाच सेकंदाला लाल-हिरवी-पिवळी होणार. रेल्वे एनओसी देईल का?" बैठकीत एकदम सामसूम. नाना थांबले नाहीत. "दुसरं, पट्टी लावायला भोकं कुठे पाडणार? खालचा आडवा मेंबर ताणात आहे, त्याला ड्रिल लावाल तर तिथूनच चीर पडायला सुरुवात व्हायची. लोखंडावर आधी अ‍ॅल्युमिनियमचा फवारा मारलेला असतो गंजू नये म्हणून, मग रंग. तुम्ही स्क्रू मारला की तो थर फुटला, पाणी गेलं आत. ज्यांनी बांधला त्यांना विचारलं का?"

विचारलं नव्हतं. रंग बदलणारी लाईट त्या दिवशीच रद्द झाली. कमानीचा तिरंगापण मागे पडला, कारण मग रंगाची देखभाल कोणी करायची हा प्रश्न निघाला आणि तो कोणालाच नको होता. शेवटी पिवळसर पांढरी साधी लाईट, रस्त्याकडच्या बाजूने, पट्ट्याने क्लॅम्प करून, रुळांकडे अजिबात उजेड न जाता. आता रात्री कमान दिसते, कमानच दिसते, आणि स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरून बघितलं तर खरंच नजर हटत नाही. म्हणजे मला जे हवं होतं तेच झालं पण माझ्या म्हणण्याने नाही झालं, सिग्नलच्या मुद्द्याने झालं. नानांना नंतर विचारलं की तुम्हाला पण ती पट्टी दिसायला वाईट वाटत होती ना, मग तसं का नाही बोललात. ते हसले. "दिसायला वाईट हे कोणत्या फाईलमध्ये लिहितात?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आणि मग आम्ही बाकीचं सगळं त्याच पद्धतीने मांडलं. बाकीचं म्हणजे पुलाखालचं. कारण पूल वापरणारे निम्मे लोक पुलावरून जातच नाहीत, ते खालून जातात, खाली थांबतात, खाली भाजी विकतात, आणि त्यांना दिसतो तो पूल वेगळाच असतो.

आमच्या पुलाला रुळांच्या दोन्ही बाजूला काही स्पॅन मोकळे पिलरवर आहेत आणि त्यानंतर मातीचा भराव, दोन्हीकडून आरई वॉल, म्हणजे ते काँक्रीटचे पॅनल एकात एक अडकवलेली भिंत. भराव स्वस्त पडतो, मान्य. पण भिंत जिथे सुरू होते तिथे गल्ली संपते. इकडचं पोरगं तिकडच्या ट्यूशनला जायचं तर भिंतीला वळसा. मोकळ्या स्पॅनखाली मात्र काय झालंय बघा: मे महिन्यात जेव्हा ४५ च्या वर पारा जातो आणि रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा गावात सावली म्हणजे पुलाखाली. रिक्षावाले आपोआप तिथे आले, मग ज्यूसवाला, मग टायरवाला, मग म्हाताऱ्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन. कोणी प्लॅन केलं नाही. माझा रिक्षावाला मित्र बैठकीत एवढंच बोलला, "साहेब, चौकात केळी लावण्यापेक्षा खाली फरशी टाका आणि बाकडी द्या, पॅसेंजर तिथेच उभा असतो."

आणि गाडी कुठून मिळणार हा प्रश्न तर पुलाच्या सौंदर्याचाच भाग आहे असं माझं मत. आमच्याकडे सिटी बस नाही. शेअर रिक्षा आणि एसटी यावर गाव चालतं. केंद्राची २०२३ ची पीएम ई-बस योजना आली, १० हजार बसची, पण ती तीन लाखांच्या वरच्या शहरांना धरून, आम्ही त्यात कुठे बसायचं. स्टेशनचं मात्र बदलतंय, २२ मे २०२५ ला देशातली १०३ अमृत भारत स्टेशनं उघडली त्यात आपल्याकडची धुळे आणि सावदा होती. मी धुळ्याचं जाऊन बघितलं, दर्शनी बाजू नवी, बसायला जागा बरी. पण कोणतंही स्टेशन चांगलं की वाईट हे मी गेटच्या बाहेर आल्यावर ठरवतो, रिक्षा कुठे उभी आहे, म्हातारं माणूस पिशवी घेऊन किती चालतंय, सावली आहे का. आमच्या पुलाचं उतरणं आणि स्टेशनचं गेट यात जेमतेम एक चौक आहे, तो जुळवला तर गावाला अर्धा बसस्टँड फुकटात मिळतो.

आता पुलाची जी गोष्ट मला अजिबात आवडत नाही ती सांगतो. पाण्याचे पाईप. वरचं पावसाचं पाणी खाली आणायला पीव्हीसीचे पाईप पिलरच्या दर्शनी बाजूवरून आणलेत, क्लॅम्प वाकडे, आणि एक पाईप तर जमिनीपासून पुरुषभर उंचीवर संपतो. तिथून पाणी पडतं ते थेट पिलरवर उडतं. एका पावसाळ्यात पिलरला काळा-हिरवा पट्टा आला, त्याच्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या, त्याच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. एवढी देखणी कमान करणाऱ्यांनी पाईप मागच्या बाजूने न्यायचा विचार केला नाही. ड्रॉइंगमध्ये एक रेघ हलवायची होती फक्त. मी याचे फोटो काढले, आणि लेखी देताना घाण दिसतं असं लिहिलं नाही, पाणी पिलरच्या पायथ्याशी मुरतंय आणि भाजीवाल्या बायकांच्या अंगावर पडतंय असं लिहिलं. पाईप जमिनीपर्यंत वाढवून गटारात सोडले. बाजू मात्र तीच राहिली.

भिंतीवरच्या चित्रांना आम्ही विरोध केला नाही, दमलो होतो. फक्त सांगितलं की पॅनलच्या सांध्यांमधून आतलं पाणी बाहेर यायला वाट असते ती रंगाने आणि पुट्टीने बुजवू नका. बहिणाबाई काढल्या, जात्यावर बसलेल्या, बऱ्या काढल्यात. शेजारचा वाघ मात्र वाघ नाहीये.

जिना हा आमचा सगळ्यात मोठा मुद्दा होता. फाटक कायमचं बंद झालं तसं चालणाऱ्या माणसाला पलीकडे जायला भरावाच्या टोकापासून सगळा पूल चढून उतरावा लागायचा. त्यामुळे लोक रूळ ओलांडायचे, म्हणजे पूल झाला गाड्यांसाठी आणि माणूस होता तिथेच. मोकळ्या स्पॅनपाशी दोन्हीकडे जिना द्या, त्याला कडेने सायकल ढकलायला पट्टी द्या अशी मागणी. मूळ ड्रॉइंगमध्ये जिना होता की नव्हता यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी एका बाजूला जिना झाला, लोखंडी, पायऱ्या जरा उंच, पण झाला. सायकलची पट्टी झाली पण इतकी कडेला की पेडल रेलिंगला घासतं. शाळेच्या पोरी तरीही त्यावरूनच सायकल नेतात. दुसऱ्या बाजूचा जिना दुसऱ्या टप्प्यात आहे असं सांगतात, आणि दुसरा टप्पा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

चौकातला घड बसला. आम्हाला जमलं नाही थांबवायला. फ्लेक्सचंही नाही. एकदा कमानीच्या उभ्या दांड्यांना कोणाच्या तरी अभिनंदनाचा बॅनर बांधला होता, वाऱ्याने तो फाटून तारांवर जायची वेळ, तेव्हा नानांनी भुसावळला कोणाला तरी फोन लावला आणि दुपारच्या आत उतरला. कमानीवर बॅनर नाही हा नियम त्या दिवसापासून आपोआप पाळला जातो. रेल्वेचा धाक मोठा.

मधे एकदा पूल खचला अशी अफवा उठली, कारण मे मध्ये सांध्यावरून गाडी गेली की धाडधाड आवाज वेगळा यायला लागला. लोखंड तापलं की वाढतं, ६० मीटरचा गर्डर ४० अंशांच्या फरकाला जवळपास तीन सेंटीमीटर लांब होतो, जानेवारीतली पहाट आणि मे मधली दुपार यात आपल्याकडे तेवढा फरक तर असतोच. म्हणून तर टोकाला फट सोडलेली असते. नानांनी पोरांना नेऊन पट्टीने मोजायला लावली ती फट, सकाळी एकदा दुपारी एकदा. पोरांना सेल्फीपेक्षा हे जास्त आवडलं. त्यातला एक आता सिव्हिलला जायचं म्हणतोय, त्याच्या वडिलांनी मला येऊन जाब विचारला.

आता सध्याची स्थिती. गावात दुसरं फाटक आहे, साखर कारखान्याच्या रस्त्यावरचं, तिथेपण पूल येतोय. यावेळी आम्ही आधीच हललो. पुलाचं सगळं रूप जीएडी नावाच्या एका ड्रॉइंगमध्ये ठरतं, कमान की साधा गर्डर, भराव किती, मोकळे स्पॅन किती, जिना कुठे, आणि ते रेल्वेने एकदा मंजूर केलं की नंतर आपण बोलायचं ते फक्त रंग आणि लाईटबद्दल. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, ड्रॉइंगची कॉपी मिळाली, नानांच्या ओट्यावर पसरून बघितली. कमान आहे. बघून बरं वाटलं. पण बाजारच्या बाजूला भराव थेट कमानीपर्यंत आणलाय, मोकळा स्पॅन एकही नाही, म्हणजे आठवडे बाजाराचे दोन तुकडे होणार. जिना एकाच बाजूला. आणि पाण्याचा पाईप परत पिलरच्या तोंडावर, नानांनी तिथे पेन्सिलने इतक्या जोरात गोल मारला की कागद फाटला.

आम्ही लेखी दिलंय. बाजारच्या बाजूला दोन स्पॅन मोकळे, दोन्हीकडे जिना, पाईप आतल्या बाजूने. प्रत्येकाला कारण जोडलंय: बाजाराच्या दिवसाची गर्दी, रूळ ओलांडणारे लोक, पायथ्याशी मुरणारं पाणी. सुंदर हा शब्द अर्जात एकदाही नाही. माझ्या मित्राने आठवडे बाजारातल्या दुकानदारांच्या सह्या आणल्या, त्या अर्जापेक्षा जाड झाल्या. दोन स्पॅन वाढले तर खर्च वाढणार हे आम्हालाही कळतं, म्हणून भरावाची माती, भिंतीचे पॅनल आणि तेवढी वाचणारी जागा यांचा हिशोब मी वेगळा करून लावलाय, अंदाजे आहे पण लावलाय.

उत्तर आलं की सूचना वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवण्यात आली आहे. भूमिपूजनाचा फ्लेक्स मात्र त्या फाटकावर लागून झालाय, त्याच्यावर नव्या पुलाचं कॉम्प्युटरवर केलेलं चित्र आहे, आणि चित्रात दाखवलेला पूल केबलचा आहे.